गाव नावाच्या बेटावरची कुत्री

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी वरवट बकालचा. बुलडाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातले हे गाव. उत्तरेला सातपुडा दिसतो, पायाखाली काळी जमीन आणि जमिनीखाली खारे पाणी. मी कविता लिहितो, म्हणून मला एरवी पावसावर, कपाशीवर नाही तर आठवणींवर बोलायला सांगतात. या वेळी विषय मी स्वतः मागून घेतला. विषय आहे आपल्या गल्लीतली कुत्री. ऐकून कुणाला हसू येईल. येऊ द्या. पण हा विषय माझ्या मनात पंचेचाळीस वर्षांपासून बसून आहे, आणि आज तो तुमच्यापुढे मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

१९८० च्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझा चुलतभाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता. गावाबाहेर बकऱ्या चारताना त्याच्या पोटरीला एक भटके कुत्रे चावले. घरी आल्यावर दादीने जखमेत लाल तिखट भरले, वर चुना लावला. दुसऱ्या दिवशी त्याला शेजारच्या गावी नेऊन दम करवून आणला, गळ्यात तावीज घातला. दवाखान्यात नेण्याची गोष्ट निघाली तेव्हा चाचा म्हणाले, ‘‘बेंबीभोवती चौदा सुया टोचतात म्हणे. लेकरू भिऊन मरेल. जखम तर सुकत आली.’’ जखम खरोखरच सुकली. आम्ही विसरून गेलो.

पावसाळा लागला आणि एके दिवशी त्याला त्या जुन्या जागी खाज सुटली, ताप भरला. अम्मीने पाण्याचा गिलास पुढे केला तर त्याचा गळा आवळून आला. पुढे पाणी नुसते दिसले तरी तो किंचाळू लागला. वाऱ्याची झुळूक त्याला सोसेना. तालुक्याच्या डॉक्टरांनी पाहिले आणि चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. एवढेच. तिसऱ्या दिवशी तो गेला. शेवटपर्यंत तो शुद्धीवर होता, मधून मधून आम्हाला ओळखत होता. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्या दिवसापासून मला कुत्र्याची भीती बसली ती पुष्कळ वर्षे गेली नाही.

हे सांगतो आहे ते एवढ्यासाठी की, कुत्र्यांवर दया करा असा उपदेश करायला मी इथे बसलेलो नाही. ज्या घरातले लेकरू कुत्र्याने गेले, त्या घरातला मी माणूस आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि ती सांगताना मला लाज वाटते. २०११ च्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका लहान मुलीच्या गालाला कुत्रे चावले. तिला लस वेळेवर मिळाली, मुलगी वाचली, पण गालावर वण राहिला. त्या रात्री पाच-सात जण ओट्यावर जमले. कुणीतरी म्हणाले, भज्यांत औषध घालून टाकू, एका रात्रीत प्रश्न मिटेल. वर्गणी निघाली. वही माझ्यापुढे आली, आणि मी पन्नास रुपये दिले. असे विष घालणे बेकायदा आहे हे मला तेव्हा माहीत नव्हते. माहीत असते तरी मी दिले असते, असे आज प्रामाणिकपणे वाटते. डोळ्यांपुढे चुलतभाऊ होता.

सकाळी गल्लीत आठ कुत्री मरून पडलेली होती. त्यांत भुऱ्या होता. भुऱ्या कुणाचाच नव्हता. कविसंमेलनाहून मी रात्री उशिरा परतलो की एसटी स्टँडपासून घरापर्यंत तो माझ्या दहा पावले मागे चालत यायचा आणि दार लावल्यावर निघून जायचा. त्याने कधी कुणाला दात लावल्याचे आठवत नाही. चावणारे कुत्रे कोणते होते हे आम्ही शोधलेच नव्हते. भजी त्याने खाल्ली.

आणि प्रश्न मिटला का? दिवाळीपर्यंत गल्लीत नवी कुत्री आली. कुठून आली कोण जाणे. जुनी कुत्री आम्हाला ओळखत होती, पोरांच्या आवाजाला सरावलेली होती. ही नवी होती, भुकेली होती, एकमेकांत भांडत होती, मोटारसायकलमागे धावत होती. गल्लीतले चावे वाढले, कमी झाले नाहीत. पन्नास रुपये देऊन आम्ही ओळखीची कुत्री घालवली आणि अनोळखी बोलावून घेतली.

असे का झाले याचे उत्तर मला पुढे वाचनात मिळाले, आणि तेही दूरच्या बेटांच्या गोष्टींत. बेटावर गोष्ट स्पष्ट दिसते. चहूकडे पाणी असते. काय आले, काय गेले, काय उरले, याचा हिशेब लागतो.

इंडोनेशियात फ्लोरेस नावाचे बेट आहे. १९९७ पर्यंत तिथे रेबीज, म्हणजे कुत्रे पिसाळण्याचा आजार, नव्हता. त्या वर्षी दुसऱ्या बेटावरून होडीने आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो आला. सरकारने कुत्री मारायचा हुकूम दिला. बेटावरची जवळजवळ निम्मी कुत्री मारली गेली. आजार गेला नाही. लोकांनी आपली आवडती कुत्री वाचवण्यासाठी रातोरात दुसऱ्या गावी नेली आणि त्यांच्याबरोबर आजारही नवनव्या गावी पोहोचला. मेलेल्यांच्या जागी लोकांनी नवी पिल्ले आणली. पिल्लांना लस नव्हती.

त्याच देशातले बाली बेट तर जगप्रसिद्ध. तिथे २००८ च्या अखेरीस रेबीज शिरला. तिथेही आधी विषाचा मार्ग धरला गेला. २०१० या एका वर्षात ऐंशीच्या वर माणसे दगावली. मग बेटभर कुत्र्यांना लस देण्याची मोहीम निघाली. बालीत प्रत्येक वस्तीची स्वतःची पंचायत असते, तिला बंजार म्हणतात. लस देणारी पथके बंजारामागून बंजार करत गेली. कुणाच्या अंगणात कोणते कुत्रे झोपते हे वस्तीतल्या माणसांना ठाऊक होते. लस दिलेल्या कुत्र्याच्या गळ्यात लाल पट्टा बांधत. लाल पट्टा दिसला की माणूस निर्धास्त. पुढल्या दोन-तीन वर्षांत मृत्यूंचा आकडा झपाट्याने उतरला. नंतर लक्ष ढळले, लस टोचलेली कुत्रीही पुन्हा मारली जाऊ लागली, आणि आजाराने पुन्हा डोके वर काढले. धडा दोन्ही बाजूंनी शिकायला मिळाला.

आता आपल्याच देशातली दोन बेटे घ्या. लक्षद्वीपवर कुत्री नाहीत आणि रेबीजही नाही. आपण म्हणू, बघा, कुत्री नाहीत म्हणून आजार नाही. पण अंदमानात कुत्री आहेत, रस्त्यावर भरपूर आहेत, आणि तरीही रेबीज नाही. म्हणजे कुत्रे हा आजार नव्हे. आजार कुत्र्याच्या अंगात शिरतो तेव्हा ते आपल्यासारखेच त्याचे पहिले बळी असते.

यामागचा हिशेब साधा आहे. पिसाळलेले कुत्रे काही दिवसांत मरते. मरण्याआधी ते सरासरी एक-दोन कुत्र्यांनाच आजार देते. दहातल्या सात कुत्र्यांना लस दिलेली असेल, तर बहुतेक वेळा त्याचा दात लस घेतलेल्या कुत्र्यालाच लागतो आणि साखळी तिथेच तुटते. म्हणून जगभर शंभरात सत्तर हा आकडा धरतात. आपण भज्यांत विष घालतो तेव्हा नेमकी माणसांत वावरणारी, धीट, हाताने खाणारी कुत्री मरतात. लस द्यायला हीच सोपी असतात. बुजरी, रानावनात फिरणारी उरतात. उकिरड्यावर अन्न तेवढेच राहते, खाणारी तोंडे कमी होतात, मग शिवेपलीकडची कुत्री ती जागा भरतात. भुऱ्या मेल्यावर आमच्या गल्लीत हेच झाले.

हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई हेदेखील मुळात बेटच. कंपनी सरकारच्या काळात तिथे उन्हाळ्यात भटकी कुत्री मारत आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे बक्षीस मिळे. १८३२ च्या ६ जूनला, पारशांच्या पवित्र दिवशी, शिपाई वस्तीत शिरून कुत्री मारू लागले. पारशी समाजात कुत्र्याला मोठा मान. मृताच्या अंत्यविधीतही कुत्र्याच्या नजरेला स्थान आहे. लोक खवळले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमानही त्यात होते. किल्ल्यातल्या गोऱ्या सैन्याचे अन्नपाणी अडले, फौज बोलवावी लागली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला.

ही गोष्ट वाचताना मला गंमत वाटली ती अशी की, वेगवेगळ्या धर्मांची माणसे कुत्र्यांसाठी एका दिवशी एकत्र आली. पण पुढचा इतिहास असा, की मुंबईत कुत्री मारणे त्यानंतरही पुष्कळ काळ चालू राहिले. महापालिकेने ते थांबवले १९९४ मध्ये. १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नसबंदीच्या मार्गावर शिक्कामोर्तब केले आणि २००१ मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी नियम केले. कुत्रे पकडायचे, त्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, खुणेसाठी कानाचा छोटा तुकडा कापायचा आणि जिथून आणले तिथेच सोडायचे. २०२३ मध्ये हे नियम नव्याने आले. इतकी वर्षे मारूनही मुंबईतली कुत्री संपली नव्हती, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता गोव्याकडे येतो. गोवा बेट नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला आपला सिंधुदुर्ग, खाली कर्नाटक. तरी गोव्याने बेटासारखा विचार केला. २०१३ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि गोवा सरकारचे पशुसंवर्धन खाते यांनी मिळून काम सुरू केले. २०१४ मध्ये गोव्यात रेबीजने दगावलेल्या माणसांचा आकडा पंधराच्या घरात होता. पथके गल्लीगल्लीत फिरली. पाळीव कुत्रे असेल तर मालक धरून ठेवी, रस्त्यावरचे असेल तर जाळ्याने धरत, लस टोचत, अंगावर रंगाची खूण करून सोडून देत. कोणत्या रस्त्यावर किती कुत्री झाली, किती राहिली, हे मोबाइलवर नकाशात भरत जात. शाळाशाळांत जाऊन मुलांना शिकवले, की खाणाऱ्या कुत्र्याजवळ जाऊ नये, पिल्ले असलेल्या कुत्रीला छेडू नये, कुत्रे अंगावर आले तर पळू नये, झाडासारखे स्थिर उभे राहावे. संशयित कुत्रे दिसले तर कळवायला दूरध्वनी क्रमांक दिला, आणि खबर मिळाली की पथक जाऊ लागले.

जून २०२१ मध्ये गोव्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जाहीर केले, की गेल्या तीन वर्षांत राज्यात रेबीजचा एकही रुग्ण आढळला नाही. तोवर साडेपाच लाखांच्या जवळपास लसी टोचून झाल्या होत्या. काम तिथे संपले असे मात्र नाही. कुत्र्याला राज्याची सीमा कळत नाही. लस दरवर्षी द्यावी लागते, नवी पिल्ले दरवर्षी जन्मतात. ज्या वर्षी थांबाल त्या वर्षापासून उलटी मोजणी सुरू.

गोव्याची गोष्ट सांगितली की आमच्याकडे लोक म्हणतात, ‘‘भाऊ, तिथं पैसा आहे, फॉरेनचे डॉक्टर आहेत.’’ खरे आहे. पण पैशाने लस येते, कुत्रे ओळखता येत नाही. ते ओळखायला गल्लीतलाच माणूस लागतो. आणि ही श्रीमंती आपल्याकडे शहरापेक्षा जास्त आहे. शहरात शेजारी कोण राहतो हे माहीत नसते. गावात मात्र कोणत्या कुत्रीला कधी पिल्ले झाली आणि त्यांतली कोणती जगली, हे प्रत्येक घरातल्या म्हातारीला माहीत असते. त्या अर्थाने गाव हे बेटच आहे. चहूकडे पाण्याऐवजी शेते, एवढाच फरक.

आपल्या बेटावर कुत्री वाढली कशी, हेही पाहू. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेली ढोरे टाकायची जागा होती. ढोर टाकले की आभाळातून गिधाडे उतरायची आणि काही तासांत सांगाडा उरायचा. १९९० नंतर गिधाडे दिसेनाशी झाली. पुढे कळले, की ढोरांना देत असलेले डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचे औषध मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झाले, पण तोवर देशातल्या मुख्य जातींची शंभरातली पंच्याण्णवहून अधिक गिधाडे संपली होती. गिधाडांचे जेवण कुत्र्यांना मिळाले. त्यात लग्नाच्या पंगतीतले उष्टे, कोंबडीच्या दुकानामागची आतडी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फेकलेले शिळे अन्न यांची भर पडली. कोंबडीच्या दुकानांचे म्हणाल तर आमच्या मोहल्ल्यातही ती आहेत, म्हणून हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. उकिरडा जेवढा मोठा, तेवढी कुत्री. नसबंदी करा, लस द्या, पण आतडी रोज उघड्यावर पडत राहिली तर गाव भरतच राहणार.

इथे मला माझ्या समाजाबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत. मुसलमानाच्या घरात कुत्रे चालत नाही, असे सगळे म्हणतात. घरात घेत नाहीत हे खरे. कुत्र्याने भांड्याला तोंड लावले तर ते सात वेळा धुवावे, त्यात एकदा मातीने घासावे, असे आम्हाला लहानपणापासून शिकवतात. पण त्याच परंपरेत गुहेत झोपी गेलेल्या त्या तरुणांची गोष्ट आहे, ज्यांच्या दारात पाय पसरून त्यांचे कुत्रे बसलेले होते. ती गोष्ट कुराणात आहे. तहानेने व्याकूळ कुत्र्यासाठी विहिरीत उतरून, आपल्या पायातल्या जोड्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची गोष्ट हदीसमध्ये आहे, आणि त्या एका कामाने त्याला माफी मिळाली असे सांगितले आहे. आमची दादी कुत्र्याला उंबरा ओलांडू देत नसे, पण शेवटची भाकरी मोडून तिचा तुकडा दाराबाहेर ठेवल्याशिवाय तवा उतरवत नसे. शेजारच्या काकू एकादशीला नामदेवरायांची गोष्ट सांगत, भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची. दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री त्यांच्या भिंतीवर होती. दोन्ही घरांचा तुकडा खाणारे कुत्रे एकच होते.

मला नंतर एक विचार आला. भांडे सात वेळा धुणाऱ्या आमच्या घराने चुलतभावाची जखम एकदाही धुतली नाही. तिखट भरले. त्या दिवशी साबण आणि पाणी वापरले असते आणि चौदा सुयांची भीती बाजूला ठेवली असती, तर कदाचित तो आज माझ्यापेक्षा दोन वर्षांनी म्हातारा असता.

त्या चौदा सुयाही आता गेल्या. मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता सुई दंडावर टोचतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत असते. म्हणून नीट ऐका. कुत्रे चावले, ओरखडले किंवा उघड्या जखमेला त्याची लाळ लागली, तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. तिखट नाही, चुना नाही, हळद नाही, बिब्बा नाही. घट्ट पट्टी बांधू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत भरायचे आणखी एक औषध असते, इम्युनोग्लोब्युलिन. त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. पहिल्या सुईनंतर पुढच्या तारखा चुकवू नका, शेतात सोंगणी असो की घरात लग्न असो. दुआ करा, नवस बोला, त्याला माझी ना नाही. पण सुई घेतल्यावर. लक्षणे दिसू लागल्यावर या आजाराला उपाय नाही. लक्षणे यायला मात्र बहुधा एक ते तीन महिने लागतात, आणि तेवढा अवधी आपल्या हातात असतो.

देशात दरवर्षी रेबीजने किती माणसे जातात याचे अंदाज वेगवेगळे आहेत. जागतिक आरोग्य संघटना अठरा ते वीस हजार म्हणत आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या पाहणीचा अंदाज सुमारे पावणेसहा हजारांचा आहे. लहान आकडा धरला तरी तो रोज पंधरा माणसांचा होतो, आणि जगभरात अशा दहा बळींमधली चार पंधरा वर्षांखालची लेकरे असतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आराखडा जाहीर केला, त्यात २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचे ठरले आहे.

दरम्यान २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा विषय गाजला. ऑगस्टमध्ये आधी दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला, मग अकरा दिवसांनी तो बदलला आणि नसबंदी व लस झालेली कुत्री, पिसाळलेली वा आक्रमक नसतील तर, मूळ जागी सोडावी असे ठरले. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा जागांतून कुत्री हलवण्याचा आदेश झाला. दोन्ही बाजूंनी माणसे रस्त्यावर आली. मला दोन्ही बाजू कळतात. आमच्या गल्लीत मी लसीची गोष्ट काढली तेव्हा त्या गालावर वण असलेल्या मुलीची आई मला म्हणाली, ‘‘भाऊ, तुमी कविता करता. माह्या पोरीचा वण कवितेनं जात नाही.’’ मी गप्प राहिलो. तिला उत्तर नव्हते, आणि ते शोधायचेही नसते. तिच्या भीतीला मान देऊनच हे काम करावे लागेल.

तर आम्ही काय केले? फार मोठे काही नाही. २०२३ च्या हिवाळ्यात शाळेतल्या एका गुरुजींना मी गाठले. त्यांनी पोरांना वही दिली आणि आपापल्या गल्लीतली कुत्री लिहून आणायला सांगितले. रंग, नर की मादी, कुठे झोपते, कोण तुकडा टाकते. पोरांनी दोन दिवसांत वही भरली. आमच्या गल्लीत एकवीस कुत्री निघाली. मला वाटत होते पन्नास तरी असतील. भीती मोजता येत नाही, कुत्री मोजता येतात. मोजल्यावर ती थोडी लहान होतात. मग ढोरांच्या डॉक्टरांना विनंती केली. लसीसाठी पुन्हा वर्गणी काढली. या वेळीही वहीत मी पन्नास रुपयेच लिहिले. का, ते तुम्हाला कळले असेल.

रविवारी सकाळी लस झाली. जी म्हातारी माणसे रोज तुकडा टाकत, त्यांनीच कुत्री धरली. अनोळखी माणसाला जी जवळ येऊ देत नाहीत, ती म्हाताऱ्या आजीच्या हाकेला शेपूट हलवत आली. एकविसांतली चौदा झाली. सात हाती लागली नाहीत. तिनात दोन, म्हणजे सत्तर टक्क्यांच्या थोडे खाली. गळ्यात जुन्या साडीच्या लाल चिंध्या बांधल्या. आणि त्या दिवशी धरायला आलेल्यांत, एका पाटीवर बसलेल्या लंगड्या कुत्रीचे तोंड हातात घेऊन बसलेली, ती वण असलेल्या मुलीची आई होती. मी काही बोललो नाही. त्याही काही बोलल्या नाहीत.

नसबंदीचे आम्हाला अजून जमलेले नाही. त्याला शस्त्रक्रियेची सोय लागते, कुत्र्यांना चार-पाच दिवस ठेवायला जागा लागते, खर्च लागतो. ते एका गल्लीचे काम नाही, पंचायतींनी मिळून करायचे काम आहे. दहा गावांनी एकत्र येऊन मागणी केली तर ते होऊ शकते. म्हणून माझी विनंती एवढीच, की पुढच्या ग्रामसभेत रस्ता आणि नाली यांच्याबरोबर हाही विषय मांडा. गावातली कुत्री मोजा. वर्षातून एक दिवस लसीचा ठरवा, पोळ्यासारखा, म्हणजे विसरणार नाही. पिल्लांनाही त्यात घ्या, त्यांना वगळू नका. दुकानांची आतडी आणि लग्नाचे उष्टे पुरण्यासाठी खड्डा करा. जे तुकडा टाकतात त्यांनी शाळेच्या दारात न टाकता एका ठरलेल्या जागी टाकावा. आणि शाळेत पोरांना एकदा तरी सांगा, की कुत्रे चावले तर घरी मार बसेल म्हणून लपवायचे नाही. कितीतरी लेकरे मारण्याच्या भीतीने चावा लपवतात.

श्रोतेहो, परवा मी रात्री उशिरा एसटीने उतरलो. स्टँडवरून निघालो तर मागे पावलांचा आवाज. वळून पाहिले. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेले एक कुत्रे, गळ्यात मळलेली लाल चिंधी. माझ्या दहा पावले मागे. मी पुन्हा चालू लागलो. दार उघडले, आत गेलो, टोपलीतली अर्धी भाकरी घेऊन बाहेर आलो आणि दादी ठेवायची त्या जागी ठेवली.

या वर्षीची लस त्याला अजून द्यायची राहिली आहे. तेवढे काम या महिन्यात करायचे आहे.